ऑटो-लॉक बिले डिव्हाइस: आधी दोर मोजा, मग खरेदीला निघा

नव्या मुलांना बिले द्यायला, म्हणजे खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, शिकवायला घेतलं की एक प्रश्न हमखास येतो. "दादा, हे आपोआप लॉक होतंय म्हणल्यावर हात कामून धरायचा?"

धरायचा, कारण ते दर वेळी लॉक होईलच याची हमी बनवणारी कंपनीसुद्धा देत नाही. झटका बसला की दोर अडवणाऱ्या या डिव्हाइससाठी ईएन १५१५१-१ हे युरोपीय मानक आहे. हाताच्या मदतीने लॉक होणारी डिव्हाइस त्यात येतात. निव्वळ हाताच्या ब्रेकवर चालणाऱ्या साध्या नळीसारख्या डिव्हाइससाठी १५१५१-२ हा वेगळा भाग आहे. म्हणजे बिलेयरचा हात ब्रेकच्या दोरावर (डिव्हाइसच्या चढणाऱ्यापासून दूरच्या बाजूच्या दोरावर) आहे, हे धरूनच सगळी रचना केलेली असते. हात असेल आणि पकड कमी पडली तर डिव्हाइस उरलेलं काम करतं. हात अचानक सुटलाच तर बहुतेक वेळा वाचवतं. पण 'बहुतेक वेळा'वर कुणाचा जीव टांगून ठेवायचा नसतो.

तरीही माझं मत पक्कं आहे: मराठवाड्यात कातळावर चढणाऱ्या प्रत्येक ग्रुपकडे असं निदान एक डिव्हाइस हवंच. सातमाळा-अजिंठा रांगेतला कन्नड-सोयगावकडचा कातळ घ्या किंवा बीड-धाराशिवकडचा बालाघाट, सगळा थरांचा बेसॉल्ट आहे. दोन थरांमध्ये लालसर मातीचा पट्टा असतो, आणि त्याच्या आसपासचा दगड हातात निघून येतो. लीड करणाऱ्याच्या, म्हणजे दोर खालून घेत पहिला वर जाणाऱ्याच्या, पायाखालून नारळाएवढा धोंडा सुटला, की खाली उभा असलेला बिलेयर आधी डोकं वाचवतो आणि दोराकडे त्याचं लक्ष नंतर जातं. दुसरा धोका आग्या मोहोळाचा. आपल्याकडच्या उंच कड्यांच्या कपारीत पोळी असतात, आणि माश्या उठल्यावर दोन्ही हात तोंडाकडे जाणं हे शिकवून थांबवता येत नाही. अशा दोन-तीन सेकंदांसाठी हे डिव्हाइस असतं. (पोळं दिसतंय तिथे चढायला जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको. देवगिरी, अजिंठा, वेरूळ ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे दोर काढायचासुद्धा नाही. गौताळा अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते.)

बहुतेकांची खरेदी उलट्या टोकाने सुरू होते. व्हिडिओ बघून मॉडेल ठरतं, पैसे जमवले जातात, पार्सल येतं आणि मग कळतं की ग्रुपचा जुना जाड दोर त्यातून सरकतच नाही. म्हणून क्रम असा ठेवा: दोर, कातळ, बिलेयर, आणि सगळ्यात शेवटी मॉडेल.

पहिली पायरी: आपल्याकडे दोर कोणता आहे?

दोराच्या टोकाला कंपनीची पट्टी असते. तिच्यावर लांबी आणि जाडी असते, मानकाचा आकडा असतो आणि एक खूण असते. वर्तुळात १ असेल तर तो सिंगल रोप, म्हणजे एकेरी वापरून लीड करायचा दोर. वर्तुळात १/२ म्हणजे हाफ रोप, जोडीने वापरायचा. आकडा ईएन ८९२ असेल तर दोर डायनॅमिक आहे, पडल्यावर ताणला जाऊन झटका गिळणारा. ईएन १८९१ असेल तर तो सेमी-स्टॅटिक. आपल्याकडे रॅपलिंगच्या (दोरावरून खाली उतरायच्या) कार्यक्रमांमुळे बऱ्याच ग्रुपकडे सेमी-स्टॅटिक दोरच जास्त असतात. त्यावर लीड करायचं नाही, बिले डिव्हाइस कितीही भारी असलं तरी. ग्रुपकडे एवढाच दोर असेल तर लेखाचा पुढचा भाग बाजूला ठेवा आणि ते पैसे डायनॅमिक दोरात घाला.

पट्टी गळून गेली असेल, किंवा दोर चार-पाच वर्षं धूळ खात वापरला असेल, तर जाडी स्वतः मोजा. छापलेली जाडी ही नव्या दोराची असते. वापरून, धुवून, आत माती जाऊन दोर फुगतो आणि आखूड होतो. विकत घेताना १०.५ मिमी असलेला दोर व्हर्नियरमध्ये ११ च्या पुढे गेला तर नवल नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. प्रयोगशाळेत सिंगल रोपची जाडी १० किलो वजन टांगून मोजतात. आपल्याला तेवढी अचूकता नको, पण वजन टांगल्याशिवाय मोजलेली जाडी फसवी असते. वीस लिटरचा पाण्याचा जार अर्धा भरला की दहा किलो झाले. दोर गॅलरीच्या कठड्याला किंवा झाडाला बांधून खाली जार लटकवा आणि व्हर्नियरने माप घ्या. वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत काम करणारा एखादा मित्र प्रत्येकाला असतोच, व्हर्नियर त्याच्याकडून आणा. एकाच जागी न मोजता दोन्ही टोकांकडचे पाच-सहा मीटर आणि मधला भाग असं ठिकठिकाणी मोजा, आणि प्रत्येक जागी व्हर्नियर काटकोनात फिरवून दुसरं माप घ्या, कारण जुना दोर गोल राहिलेला नसतो. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. मोठ्या आकड्यावरून दोर अडकेल का ते समजतं, छोट्यावरून पकड बसेल का याचा अंदाज येतो.

मोजताना दोरावरून बोटंही फिरवून बघा. केसाळ झालेला दोर मापात बसला तरी डिव्हाइसमध्ये रखडतो. लीड करणारा वरून "ढील दे" म्हणून ओरडतो आणि खालचा खेचत बसतो. याउलट नवाकोरा, पाणी न धरणाऱ्या लेपाचा बारीक दोर इतका गुळगुळीत असतो की कॅम (डिव्हाइसच्या आतला दोराला चिमटा घेणारा फिरता भाग) उशिरा धरतो. भिजलेल्या दोराचंही तसंच, म्हणून पावसाळ्यात ओल्या दोरावर डिव्हाइसच्या भरवशावर राहू नका.

आता हे आकडे डिव्हाइसच्या मर्यादेशी जुळवा. बाजारातल्या मॉडेलपैकी ग्रिग्री, ग्रिग्री प्लस, निऑक्स आणि रेव्हो ८.५ ते ११ मिमीपर्यंत घेतात. क्लिक अप प्लसचीही मर्यादा तेवढीच. बर्डी आणि पिंच ८.५ ते १०.५ घेतात. एटीसी पायलट आणि स्मार्ट ८.७ ते १०.५. व्हर्गो ८.९ ते १०.७. गिगा ज्यूलची वरची मर्यादा १० मिमीच आहे, तर ज्यूल-२ हे ८.९ ते ११ साठी. पण मर्यादेत बसणं आणि नीट चालणं यात फरक आहे. ग्रिग्रीच्याच माहितीपत्रकात ८.९ ते १०.५ हा उत्तम चालण्याचा पट्टा दिलेला आहे. टोकाच्या आकड्यांवर घासाघीस करू नका. तुमचा दोर ११ च्या आसपास असेल तर जी डिव्हाइस १०.५ ला थांबतात ती यादीतून आत्ताच काढा, मित्राने कितीही स्तुती केली तरी. आणि येत्या वर्षभरात दोर बदलायचा असेल तर आधी दोर घ्या. ९.५ ते १०.२ मिमीचा सिंगल रोप घेतला तर यातलं जवळपास काहीही चालतं.

दुसरी पायरी: चढणार कुठे आणि कशावर?

टॉप रोपवर सराव हाच मुख्य कार्यक्रम असेल तर काम सोपं आहे. दोर वरून येतो, चढणारा वर गेला की तेवढा दोर खाली ओढून घ्यायचा, थकला की लटकवून ठेवायचं. इथे कॅम असलेलं डिव्हाइस बिलेयरला मोठा आराम देतं. एखादा मुलगा एकाच मूव्हवर पंधरा मिनिटं झटापट करतो, तेवढा वेळ दोर हाताने आवळून धरावा लागत नाही.

लीडमध्ये प्रश्न ढिलीचा असतो. क्लिप करताना (वरच्या बोल्टला दोर अडकवताना) चढणारा हातभर दोर एकदम मागतो. तो त्या क्षणी मिळाला पाहिजे, आणि पुढच्याच क्षणी तो पडला तर दोर अडलाही पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच यंत्राकडून हव्या असल्यामुळेच बाजारात इतके प्रकार आले आहेत.

आणि तिसरी परिस्थिती, जिच्याबद्दल परदेशी व्हिडिओंत फारसं कुणी बोलत नाही, ती म्हणजे जुने पेग, कातळाच्या भेगेत ठोकलेले लोखंडी खिळे. मनमाडजवळची हडबीची शेंडी आपल्याला जवळची. तिच्यासारख्या सुळक्यांवर किंवा जुन्या रूटवर वर्षानुवर्षं ठोकलेले पेग आणि गंजलेले एक्स्पान्शन बोल्ट भेटतात. साध्या नळीच्या डिव्हाइसवर पडणारा थांबताना थोडा दोर हातातून सरकतो, त्यामुळे झटका मऊ होतो. कॅमचं डिव्हाइस दोर जवळपास सरकू देत नाही. मग झटका गिळायला दोराचा ताण आणि बिलेयरचं शरीर एवढंच उरतं, आणि वरच्या पेगवर जास्त भार येतो. चांगल्या, नव्या बोल्टवर याने फरक पडत नाही. शंकास्पद पेगवर पडू शकतो. म्हणून अशा रूटवर अनुभवी बिलेयर मुद्दाम साधी नळी वापरतात, आणि ते जुन्या वळणाचे आहेत म्हणून नव्हे. ऑटो-लॉक वापरायचंच असेल तर बिलेयरने जमिनीला बांधून घेऊ नये, आणि झटका येताना हलकी उडी घेऊन शरीर वर जाऊ द्यावं. हे आधी सराव करून जमवलेलं असलं पाहिजे.

एकापेक्षा जास्त पिच (दोराच्या लांबीत बसणारे चढाईचे टप्पे) असतील तर आणखी एक गोष्ट. ग्रिग्री जातीच्या डिव्हाइसमधून दोराचा एकच पदर जातो. उतरताना दोन पदरांवर रॅपल करायचं असेल तर वेगळं डिव्हाइस सोबत लागतंच. गिगा ज्यूलसारख्या नळीच्या घाटाच्या डिव्हाइसमध्ये दोन्ही पदर जातात, म्हणून सुळक्यावर जाणाऱ्यांना ते सोयीचं पडतं. शिवाय वरून सेकंडला (मागून चढणाऱ्याला) बिले देताना ग्रिग्री थेट अँकरला (कातळातल्या पक्क्या आधाराला) लावलं, तर ते कातळावर टेकतंय का ते बघा. हँडल किंवा कॅम दगडाला दाबला गेला तर लॉक होणार नाही.

देगलूर-बिलोलीकडच्या मंडळींचं थोडं वेगळं. तिकडे बेसॉल्टऐवजी ग्रॅनाइट उघडा पडलेला आहे, चढाई बुटकी आणि दगड खरबरीत. टॉप रोपच जास्त होतो, त्यामुळे निवडीपेक्षा दोराच्या घासण्याची काळजी मोठी.

तिसरी पायरी: बिले कोण देणार?

स्वतःच्या पार्टनरसाठी घेताय की ग्रुपसाठी, यावर निवड पूर्ण बदलते. ग्रुपचं डिव्हाइस दर रविवारी नव्या हातात जातं. तो हात घाबरतो तेव्हा काय करतो, याचा विचार आधी करायचा.

घाबरलेला माणूस मूठ आवळतो. साध्या नळीवर ते चांगलंच, कारण मुठीत ब्रेकचा दोर असतो. ग्रिग्रीवर खाली सोडताना मात्र एका मुठीत हँडल असतं. चढणारा अपेक्षेपेक्षा वेगाने खाली येऊ लागला, बिलेयर घाबरला, त्याने मूठ आवळली, की हँडल आणखी मागे खेचलं जातं आणि कॅम पूर्ण उघडतो. ब्रेकचा हात तेव्हा ढिला असेल तर चढणारा थेट जमिनीवर. यासाठीच काही डिव्हाइसमध्ये अँटी-पॅनिक सोय असते: हँडल मर्यादेपलीकडे खेचलं की पुन्हा लॉक. ग्रिग्री प्लसमध्ये ती आहे, पिंचमध्ये आहे, कँपच्या मॅटिकमध्येही आहे. साध्या ग्रिग्रीत आणि निऑक्समध्ये नाही. नवशिक्यांसाठी घेताना मी या एका गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजायला सांगतो. ग्रिग्री प्लसवर टॉप रोप आणि लीड यांच्यासाठी वेगवेगळ्या स्थितीत फिरवायचं बटणही आहे. टॉप रोपवर ठेवलं की ते लवकर पकडतं.

डावखुऱ्यांचा विचार कुणी करत नाही. ग्रिग्री उजव्या हाताच्या माणसासाठी बनलंय. डावखुऱ्याला ते वापरता येतं, पण हात उलटसुलट करून. ग्रुपमध्ये डावखुरे असतील तर नळीच्या घाटाचं डिव्हाइस किंवा रेव्हो दोन्ही हातांना सारखं आहे.

वजनाचा फरकही बघा. पंचावन्न किलोच्या मुलीने नव्वद किलोच्या माणसाला लीड बिले दिला, तर डिव्हाइस लॉक होईल, पण ती वर उचलली जाऊन पहिल्या बोल्टवर आपटू शकते. ऑटो-लॉक हा प्रश्न सोडवत नाही. त्यासाठी पहिल्या बोल्टवर लावायचं ओहमसारखं दोराचं घर्षण वाढवणारं उपकरण मिळतं, किंवा सरळ जोडी बदलावी.

चौथी पायरी: जात निवडा, मग मॉडेल

कॅमची जात सगळ्यांना माहीत आहे. पेट्झलचं ग्रिग्री १९९१ मध्ये आलं आणि आपल्याकडे अजूनही या जातीच्या कुठल्याही डिव्हाइसला लोक ग्रिग्रीच म्हणतात. दोराला झटका बसला की आतला कॅम आपल्या दांड्याभोवती फिरतो आणि दोराला चिमटा घेतो. हळू दोर दिला तर कॅम बसून राहतो. ग्रिग्री, ग्रिग्री प्लस, बर्डी, व्हर्गो, पिंच ही सगळी याच कुळातली, प्रत्येकाची चाल थोडी वेगळी. ग्रिग्रीचं वजन १७५ ग्रॅम, प्लसचं २००. पिंच २०२४ मध्ये आलं. ते कॅराबिनरशिवाय (उघडमीट होणाऱ्या धातूच्या कडीशिवाय) थेट हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) बिले लूपलाही लावता येतं.

निऑक्स त्याच कुटुंबातलं, पण आत रहाटासारखं फिरणारं चाक आहे. त्यामुळे लीडमध्ये ढील इतकी सहज जाते की एकदा हातात घेतल्यावर लोकांना दुसरं नको वाटतं. पण तीच त्याची मेखही आहे: ब्रेकच्या दोरावर हात नसेल तर चाक फिरत राहू शकतं. मुरलेल्या लीड बिलेयरला जरूर द्या. नवख्याच्या हातात मी देणार नाही.

रेव्होची तऱ्हा वेगळी. त्यात दोर ठरावीक वेगापलीकडे पळाला की चाक अडतं. दोर कोणत्याही बाजूने ओवला तरी चालतो, ही फार मोठी सोय आहे, कारण उलटं ओवणं ही कॅमच्या डिव्हाइसमधली सगळ्यात जुनी चूक आहे.

तिसरी जात हलत्या भागांशिवायची: एटीसी पायलट, स्मार्ट, क्लिक अप, ज्यूल. झटका आला की कॅराबिनर पुढे सरकून दोर डिव्हाइसच्या ओठावर दाबला जातो. हलकी आणि स्वस्त, धुळीने बिघडायला आत काही नाही. काळ्या मातीच्या भागात याची किंमत कळते. खाली सोडताना मात्र पहिले काही दिवस धक्के बसतात, अंगठ्याला सवय लागावी लागते. आणि यांचं लॉक होणं कॅराबिनरच्या घाटावर अवलंबून असतं, म्हणून कंपनी जो कॅराबिनर सांगते तोच वापरायचा. सॅकमध्ये पडलेला कुठलाही स्क्रू कॅराबिनर इथे चालत नाही.

माझी निवड विचाराल तर: ग्रुपसाठी, मुख्यतः टॉप रोप आणि नवी मुलं असतील तर ग्रिग्री प्लस. दोघांची कायमची लीड जोडी आणि ९.५-१० मिमीचा दोर असेल तर साधं ग्रिग्री किंवा पिंच. बजेट तोकडं असेल आणि दोर १०.५ च्या आत असेल तर पायलट, हे निम्म्याहून अधिक गरज भागवतं. सुळके आणि मल्टिपिच करणाऱ्यांनी बारीक दोर असेल तर गिगा ज्यूल, नाहीतर एक ग्रिग्री आणि एक साधी नळी.

पाचवी पायरी: विकत घेताना

ऑनलाइन 'सेल्फ-ब्रेकिंग डिसेंडर' शोधलं की ग्रिग्रीसारखी दिसणारी पण निम्म्या किमतीची उपकरणं समोर येतात. यातली बरीच उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्यांसाठी किंवा रोप अ‍ॅक्सेसच्या कामासाठी असतात आणि त्यांवर ईएन ३४१ किंवा ईएन १२८४१ लिहिलेलं असतं. सेमी-स्टॅटिक दोरावरून स्वतः उतरायला ती बनलेली आहेत. लीड पडणाऱ्याला थांबवणं हे त्यांचं काम नाही. आपल्याला ईएन १५१५१-१ किंवा यूआयएए (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटना) १२९ हवं.

नकली मालही असतो. पेट्झलने आपल्या डिव्हाइसच्या हुबेहूब नकला बाजारात सापडल्याचा इशारा पूर्वी दिलेला आहे. अस्सल डिव्हाइसवर सीई या युरोपीय खुणेजवळ चार अंकी क्रमांक, मानकाचा आकडा, दोराच्या जाडीची मर्यादा आणि सीरियल नंबर कोरलेले असतात. नंबर कोरलेला हवा. चिकटवलेला असेल तर घेऊ नका. अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकट घ्या, पुण्या-मुंबईहून मागवावं लागलं तरी.

सेकंड हँड मी सहसा नको म्हणतो. घ्यायचंच तर मॉडेल कोणतं ते नीट ओळखा. पहिल्या पिढीचं ग्रिग्री साधारण १० ते ११ मिमीच्या दोरासाठी होतं. त्यात आजचा ९.४ चा दोर घातला तर पकडीचा भरवसा नाही. ग्रिग्री २ ची २०११ मधली काही डिव्हाइस कंपनीने परत मागवली होती, कारण जास्त जोर दिल्यावर हँडल पूर्ण उघडलेल्या स्थितीत अडकून बसण्याचा धोका होता. सीरियल नंबर कंपनीच्या यादीशी जुळवल्याशिवाय जुनं ग्रिग्री २ घेऊ नका.

सहावी पायरी: कातळावर न्यायच्या आधी जमिनीवर

हे कुणी अनुभवी सोबत असतानाच करा.

ग्रिग्री उघडलं की बाजूंवर दोन चित्रं कोरलेली दिसतात: एक चढणारा माणूस, एक दोर धरलेला हात. चढणाऱ्याकडचा दोर माणसाच्या चित्राच्या बाजूने बाहेर यायला हवा, ब्रेकचा दोर हाताच्या बाजूने. सरकती बाजू बंद करा, दोन्ही भोकांतून स्क्रू कॅराबिनर घालून बिले लूपमध्ये अडकवा, स्क्रू घट्ट फिरवा. आता चढणाऱ्याकडचा दोर झटक्यात ओढा. टक् आवाज येऊन दोर जागीच अडला पाहिजे. सरसर निघून आला तर उलटा ओवलाय. ही ओढून बघायची सवय प्रत्येक चढाईआधी, चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. बिलेयर म्हणतो "बघ", ओढतो, चढणारा बघतो, मग बिलेयर चढणाऱ्याची गाठ बघतो. पाच सेकंदांचं काम आहे.

मग ढील देणं. नेहमीची पद्धत नळीसारखीच: डावा हात दोर पुढे ओढतो, उजवा ब्रेकचा दोर पुढे सरकवतो. एकदम जास्त ढील हवी असेल तेव्हाच उजव्या हाताची तर्जनी डिव्हाइसच्या कडेच्या ओठाखाली, अंगठा कॅमवर, आणि ब्रेकचा दोर उरलेल्या बोटांच्या पकडीत. ढील गेली की अंगठा लगेच मागे. नवशिका अंगठा कॅमवर ठेवूनच उभा राहतो, मुख्य खोड ती. अंगठ्याने दाबलेला कॅम लॉक होत नाही. शिकवणाऱ्याने पहिले अर्धा तास चढणाऱ्याकडे न बघता बिलेयरच्या अंगठ्याकडे बघावं.

खाली सोडायचा सराव चढणारा दोन मीटर उंचीवर असतानाच करा, आणि मागे आणखी एकाला ब्रेकचा दोर धरून उभं करा. वेग हँडलने ठरवायचा नसतो. हँडल फक्त कॅम मोकळा करतं, वेग ब्रेकच्या हाताने. हे वाक्य मुलांकडून म्हणून घ्या, मग करून घ्या. थांबायचं असेल तर हँडल सोडायचं, खेचायचं नाही. अँटी-पॅनिक डिव्हाइसवर हँडल जास्त खेचून चढणारा हवेतच अडकला तर हँडल पूर्ण सोडून पुन्हा हळू सुरू करायचं, हेही जमिनीवरच दाखवा. नाहीतर मुलं "बिघडलं" म्हणून हाका मारतात.

आणि दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ. दोर कमी पडून टोक डिव्हाइसमधून निसटलं, तर जगातलं कोणतंही लॉक कामाचं नाही.

सांभाळणं

मार्चनंतर इथला कातळ इतका तापतो की उन्हात ठेवलेलं धातूचं डिव्हाइस हातात धरवत नाही. सराव ऑक्टोबर ते फेब्रुवारीत आटपा, आणि वापरात नसताना डिव्हाइस सावलीत, पिशवीत ठेवा. दोर कधीही थेट मातीवर टाकू नका, खाली ताडपत्री किंवा जुनी चादर अंथरा. दोरातली माती थेट कॅममध्ये जाते आणि कानशीसारखी धातू झिजवते.

डिव्हाइस मळलं तर साध्या पाण्यात, फार तर साबणाच्या पाण्यात, जुन्या टूथब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. दोर जिथे टेकतो त्या भागाला तेल, ग्रीस काहीही लावायचं नाही. दोर फिरतो त्या खाचेवरून नख फिरवून बघा. धार लागल्यासारखी वाटली, कॅम स्प्रिंगने झटकन परत येत नसेल, हँडल रखडत असेल किंवा सरकत्या बाजूचा रिव्हेट हलत असेल, तर ते बाद. उंचावरून दगडावर पडलेल्या डिव्हाइसवर बाहेरून काही दिसत नसलं तरी ग्रुपच्या वापरातून काढा.

बाद केलेलं 'असू दे, रॅपलिंगला होईल' म्हणून ठेवू नका. हँडल तोडा, बाजूची पट्टी हातोड्याने वाकवा, मग भंगारात द्या. नाहीतर दोन महिन्यांनी ते कुणाच्या तरी सॅकमधून पुन्हा बाहेर येतं.